सौंसरहून टाकलेलं शून्य

त्या तपासणीच्या कागदावर खाली दोन सह्या आहेत, एक पांढुर्ण्याची आणि एक सौंसरची. पांढुर्ण्याची माझी आहे. सौंसरचीही मीच केलेली आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. जिच्या नावाची ती सही आहे तिलाही नाही, पण तिला सांगायची गरजच पडली नाही. कागद समोर आल्याबरोबर तिनं ओळखलं. तिनं ओळखलं हे मलाही कळलं, आणि तरी आम्ही दोघं गप्प बसलो. ती गप्प बसली ते चांगुलपणानं. मी का बसलो त्याला इतक्या वर्षांत बरीच नावं देऊन पाहिली, एकही टिकलं नाही.

आता पन्नाशी उलटून गेली. माझ्या त्या सहीमुळे सौंसरमध्ये एका निर्दोष बाईच्या माथी एक मरण मारलं गेलं. ते अजून तिच्याच माथी आहे. म्हणून लिहायला बसलो.

एक संस्था आमच्या भागात दोन लहान दवाखाने चालवायची, एक पांढुर्ण्यात आणि दुसरा सौंसरला. मी तिथला संगणकवाला. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडे. औषधसाठ्याचा प्रोग्रामही मीच लिहिला होता. त्याआधी दोन्हीकडे वेगळी रजिस्टरं होती आणि इकडं काय शिल्लक आहे ते तिकडच्यांना कळायचं नाही. प्रोग्राम आल्यावर दोन्ही दवाखान्यांचा साठा एकाच डेटाबेसमध्ये, एकाच टेबलात, म्हणजे एकाच तक्त्यात आला. पांढुर्ण्याच्या स्टोअररूममागच्या खोलीत तो सर्व्हर घरघरत असायचा आणि मला त्याचा फार अभिमान होता.

एकाच वहीत दोन माणसांनी दोन बाजूंनी एकदम लिहायला घेतलं तर काय होईल, ही डेटाबेसवाल्यांची जुनीच चिंता आहे. त्यावरचा उपाय म्हणजे लॉक. एकजण लिहीत असेल तोवर दुसऱ्यानं थांबायचं. मला त्यातलं जेवढं समजत होतं तेवढ्यावर मी सगळ्यात मोठं कुलूप लावलं होतं. पांढुर्ण्याच्या काउंटरवर साठ्याचं पान लिहायला उघडलं की अख्खं टेबल सौंसरसाठी बंद. मग औषध कोणतंही असो. सौंसरच्या स्क्रीनवर हिंदीत एक ओळ यायची: यह पृष्ठ दूसरे काउंटर पर खुला है, कृपया प्रतीक्षा करें.

पांढुर्ण्याच्या काउंटरवर आमचे स्टोअरवाले काका होते. रिटायर व्हायला आलेले, हाताला सावकाश, पण मोजणीत एका गोळीची चूक नाही. पान उघडून ठेवून पेटीतल्या पट्ट्या मोजायला बसायचे, मधेच चहाला जायचे, आणि पान तसंच उघडं. सौंसरला औषध द्यायला होती ती ताई. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, नवरा शेतीवाला, सासर बोरगावकडचं. तिची स्क्रीन अडली की ती फोन उचलायची. दिवसातून पाच-सहा वेळा तरी. पलीकडचं बोलणं मला मागच्या खोलीत ऐकू यायचं, कारण काका फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचे.

"काका, पान सोडा ना जी."

"पान तं मी कधीचं सोडलं व माय. आता खर्रा खाऊन राहिलो."

"मजाक नका करू. इथं लाईन लागली हाये. एक बुढी तं खालीच बसली."

"मंग मी काय इथं भजन करून राहिलो? अर्धी पेटी मोजली, अर्धी राहिली. दोन मिनिट दे."

"तुमचे दोन मिनिट म्हणजे छिंदवाड्याची बस. निघाली तं निघाली."

"बरं, घे, सोडलं. कोणाले काय देऊन राहिली?"

"साप चावल्याचं एक आलं सकाळी. दहा इंजेक्शन दिले. तुमच्याकडे किती हायेत?"

"आठ. लागले तं सांगजा, जीपवाल्यासंग पाठवतो."

असं ते चालायचं. मला त्या फोनांची लाज वाटायची. माझ्या प्रोग्राममधलं वैगुण्य रोज मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जातंय असं वाटायचं. त्या फोनमधून दुसरं काही घडत होतं ते मला तेव्हा दिसलं नाही. पान सोडा म्हणता म्हणता ती दोघं एकमेकांना सांगत होती, आज कोण आलं, काय संपत आलं, कोणाकडं किती उरलं. त्यातलं मी फक्त भांडण ऐकत होतो.

व्यवस्थापक छिंदवाड्याचे होते, हिंदी बोलायचे. पोळ्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ये रोज का 'पान छोडो, पान छोडो' क्या है भई? गोटमार के दिन भी फोन पे दवाई बाँटोगे?"

त्यांचं चुकत नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायचा सण. त्या दिवशी पांढुर्ण्यातल्या कोणत्याही दवाखान्यात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही धनुर्वाताची इंजेक्शनं, पट्ट्या, टाके घालायचं सामान आठवडाभर आधीपासून भरून ठेवायचो. जाम नदीच्या दोन्ही काठांवर दगड जमायला लागायचे, आणि त्याच दिवसांत आमच्या स्टोअरमध्ये पेट्या जमायच्या. मी येता-जाता पुलावरून ते ढीग बघायचो. शांत पडलेले असायचे.

मी टेबलावरचं कुलूप काढलं. त्याच्या जागी लहान कुलूप लावायचं ठरवलं: ज्या औषधाच्या ओळीला हात लावला तेवढीच ओळ बंद, बाकी टेबल मोकळं. हा रिवाजातला उपाय आहे, यात चूक काही नाही. पण तो चालतो की नाही ते तपासावं लागतं, आणि ते एका माणसाला एका खुर्चीत बसून तपासता येत नाही. संस्थेचं छापील तपासणी-पत्रक होतं. त्यात शेवटची तपासणी अशी होती की दोन काउंटरवरून, दोन माणसांनी, फोनवर एकमेकांशी बोलत, एकाच वेळी एकच ओळ उघडायची, दोघांनी वेगवेगळे आकडे टाकायचे, एकदम सेव्ह करायचं. दुसऱ्याला थांबायला सांगितलं गेलं पाहिजे. निकाल लिहायचा आणि खाली दोन्ही ठिकाणच्या माणसांच्या सह्या.

ते काम उरलं पोळ्याच्या दिवशी. दुपारी दोनच्या सुमारास मी सौंसरला फोन लावला.

"ताई, जराशी थांबता का? दोघं मिळून एक टेस्ट करू. अर्धा-पाऊण तास."

"भाऊ, आज? पोळा फुटायच्या आधी घरी नाही पोचली तं सासू मलेच बैलाच्या जागी उभी करंल. मालक वाट पाहून राहिले. बैल धुऊन तयार हायेत म्हणे, ओवाळाले मीच नाही."

"बरं मंग जा. मी पाहून घेतो."

"हजेरी?"

"सहीचं पाहून घेतो म्हटलं ना."

"लय उपकार झाले भाऊ. पुरणपोळी आणते परवा."

सणाच्या दिवशी एकमेकांच्या सह्या मारायची आमच्याकडे रीतच होती. पोळ्याला, अक्षयतृतीयेला, कोणाच्या घरी पाहुणे आले की. डॉक्टरांनाही माहीत होतं. त्यात कोणाचं काही बिघडत नाही अशीच आमची समजूत होती. तेव्हा त्या हजेरीच्या सहीबद्दल मला आजही फार काही वाटत नाही. सौंसरचं हजेरीपत्रक पगाराच्या हिशोबासाठी पांढुर्ण्यात आलेलं होतं; त्यावर तिची सही मारून झाल्यावर पेन तसाच हातात होता आणि शेजारी तपासणी-पत्रक पडलं होतं.

आधी तपासणी केली, हे खरं. माझ्या एकाच संगणकावर दोन खिडक्या उघडल्या. डावीकडची पांढुर्णा, उजवीकडची सौंसर, असं मनाशी ठरवलं. दोन्हीत तीच ओळ उघडली. डावीकडं आकडा बदलला, सेव्ह केला. उजवीकडं बदलला, सेव्ह केला. कुठं काही अडलं नाही. पत्रकावर 'ठीक' लिहिलं, माझी सही केली, आणि तिच्या रकान्यात तिची. तिचं नाव लिहायची तऱ्हा मला चांगली ठाऊक होती, शेवटच्या अक्षराची शेपटी ती खाली ओढायची. मीही ओढली. मग खोलीला कुलूप लावून घरी गेलो. आईनं नैवेद्याचं ताट वाढून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दवाखान्यात गर्दी. ढोल तर पहाटेपासूनच चालू. पण स्क्रीनवर सगळं गुळगुळीत होतं. काका पान उघडत होते, ताई उघडत होती, कोणी कोणाला अडवत नव्हतं. व्यवस्थापक दोनदा येऊन काउंटरमागं उभे राहिले आणि मला म्हणाले, "देखा? ऐसा चाहिए." काकाही खूश होते.

"लेका, आज पोरीचा एक फोन नाही," ते म्हणाले. "रुसली का काय?"

"आता फोनची गरज नाही काका."

"बरं झालं बाप्पा. कानाले आराम."

त्या दिवशी दोन्ही काउंटर एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बाहेर एवढा गोंगाट होता की ही शांतता कोणाच्या ध्यानात आली नाही.

अकराच्या पुढं मी वरच्या गच्चीवर गेलो. तिथून नदी दिसते. नदीत मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा, अलीकडं आपले लोक, पलीकडं सावरगावचे. दगड उडताना लांबून पाखरांसारखे दिसतात. मी कामावर होतो, वर जायला नको होतं. पण सगळं नीट चाललं होतं आणि लहानपणापासूनची खोड.

खाली काय घडत होतं ते मी नंतर नोंदींवरून आणि काकांकडून जुळवलं. आमच्याकडची सापाच्या विषावरची आठही इंजेक्शनं सकाळी लवकरच एका रुग्णाला संपली होती. पावणेबाराच्या सुमारास एका बाईला आणलं. पांढुर्ण्याच्या अलीकडच्या एका वाडीची, तिशीतली. बैलांना चारा हवा म्हणून बांधावर गवत कापत होती, तिथं हाताला साप डसला. सोबत नवरा आणि दीर. गोटमारीमुळे गावातले रस्ते बंद, आमचा दवाखाना त्यांच्या बाजूला पडला म्हणून आमच्याकडं आले. काकांनी ओळ उघडली. पांढुर्णा शून्य, सौंसर दहा. अशा रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा लागतात. काकांनी ते दहा तिच्या नावानं राखून ठेवायला घेतले. पण ओळ उघडून ठेवली आणि आत डॉक्टरांना विचारायला गेले, सौंसरला पाठवायचं की थेट नागपूरला.

त्याच मिनिटांत सौंसरला बोरगावकडच्या संत्र्याच्या बागेतून एका माणसाला आणलं. त्यालाही साप. ताईनं तीच ओळ उघडली, दहाच्या दहा काढून डॉक्टरांकडं दिले, आणि शून्य टाकून सेव्ह केलं. अकरा बावन्न. तो माणूस वाचला. आजही बागेत काम करतो.

काका परत आले. त्यांच्या समोरच्या उघड्या पानावर अजून दहाच होते, कारण ते आधी उघडलेलं होतं. त्यांनी 'राखीव' लिहून सेव्ह केलं. अकरा चौपन्न. ताईचं शून्य पुसलं गेलं आणि त्या जागी पुन्हा दहा आले. आधीच्या दिवसांत असतं तर काकांचं पान उघडं आहे म्हणून ताईची स्क्रीन अडली असती. तिनं फोन उचलला असता. काका पान सोडा. काहून व? अहो सापाचं आलं. अगं माय, माझ्याकडं पण सापाचंच. एवढंच बोलणं. एका मिनिटाचं.

आमच्याकडून नागपूरचा रस्ता वेगळा आणि सौंसरचा वेगळा. गाडी सौंसरला गेली.

गच्चीवर ढोलाच्या आवाजात मला फोन ऐकू आला नाही. पाहिला तेव्हा ताईचे चार मिस कॉल. मी लावला.

"भाऊ, तुमच्याकडून गाडी आली. दहा इंजेक्शन मागून राहिले. मी तं दहाही कधीचे देऊन टाकले."

"स्क्रीनवर काय दिसतं?"

"दहा दिसून राहिले ना! म्हणून तं फोन केला. मी शून्य टाकलं होतं भाऊ. देवाशप्पथ टाकलं होतं. हे दहा कुठून आले?"

मला त्याच क्षणी कळलं. काहीच शोधावं लागलं नाही. मी तिला म्हटलं, "थांबा, पाहतो," आणि गच्चीवरच उभा राहिलो. समोर एकजण झेंडा तोडायला झाडाकडं पोहत निघाला होता आणि दोन्ही काठांवरून आरोळी उठली.

ती बाई सौंसरहून नागपूरला नेताना वाटेत गेली.

तीन दिवसांनी मी प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. सेव्ह करण्याआधी बघायचं, मूळ आकडा अजून तोच आहे का. नसेल तर थांबवायचं. चार ओळी. कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर ती चूक पुन्हा झाली नाही आणि होणं शक्यही नव्हतं.

चौकशी सौंसरच्या दवाखान्याच्या सभागृहात झाली. टेबलामागं तिघं, व्यवस्थापक, एक डॉक्टर आणि संस्थेचे एक वयस्कर विश्वस्त. काकांनी सांगितलं की स्क्रीनवर दहा होते, मी दहा राखले. ते खरंच होतं. ताईनं सांगितलं, मी औषध दिल्याबरोबर शून्य टाकलं.

"मग दहा कसे दिसले?" विश्वस्तांनी विचारलं. "गर्दीत टाकायचं राहून गेलं असेल. होतं तसं. पण कबूल करा."

"नाही जी. टाकलं होतं."

व्यवस्थापकांनी फाइल उघडली आणि ते तपासणी-पत्रक तिच्यापुढं सरकवलं. "मॅडम, एक दिन पहले आपने खुद टेस्ट किया है कि दोनों तरफ से एंट्री बराबर होती है। ये दस्तखत आपके ही हैं ना?"

तिनं कागद हातात घेतला. आधी तारीख बघितली. मग खालची सही, ती शेपटी. मग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर बसलो होतो, गुडघ्यावर वही घेऊन. तिच्या नजरेत राग असता तर मी कदाचित उठलो असतो. राग नव्हता. तिला काय वाटलं ते मला स्वच्छ दिसलं. पोळ्याच्या दिवशी भाऊनं आपल्याला घरी सोडलं, आपल्यासाठी सही मारली, आणि आता आपण नाही म्हटलं तर भाऊची नोकरी जाईल. त्या कागदाचा तिच्या शून्याशी काय संबंध ते तिला माहीत नव्हतं. ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

"हाव जी," ती म्हणाली. "माझीच आहे."

मग विश्वस्त माझ्याकडं वळले. "संगणकात काय दिसतं?"

सर्व्हरवर प्रत्येक नोंद राहते. कोणत्या काउंटरवरून, कोणत्या मिनिटाला, काय होतं आणि काय केलं. ती वाचता येणारा माणूस संस्थेत मी एकटा. अकरा बावन्नची ओळ मी त्याआधीच वाचली होती, छापूनही घेतली होती. तो कागद माझ्या गुडघ्यावरच्या वहीत होता.

मी म्हणालो, "शेवटची नोंद दहाची दिसते."

या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. मी ते घरून तयार करून नेलं होतं.

तिला त्या महिन्याअखेर काढलं. सौंसर लहान गाव, बसस्टँडवरच्या टपरीपासून बाजारापर्यंत दोन दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालं की औषधवालीनं नोंद केली नाही म्हणून एक बाई मेली. त्या बाईचा नवरा एकदा तिच्या दारात येऊन उभा राहिला होता, असं काकांनी मला सांगितलं. तसाच परत गेला म्हणे. तिनं त्यानंतर बरेच दिवस दार लावून घेतलं. गावात तिला कोणी कामावर घेईना. आता ती सकाळच्या बसनं छिंदवाड्याला जाते, तिथल्या एका औषधाच्या दुकानात. जाण्यायेण्यातच दिवस संपतो.

काका वारले. अखेरपर्यंत त्यांना वाटायचं की आपणच एक फोन करायला हवा होता. मला दोन-तीनदा म्हणाले, "लेका, त्या दिवशी मी फोन काहून नाही लावला?" तेव्हाही मी त्यांना सांगू शकलो असतो की फोनची सवय मी मोडली. ते विचारायचे, मी मान हलवायचो.

वर मी तपासणीबद्दल जे लिहिलं त्यात एक गोष्ट गाळली. आता ती लिहितो. पोळ्याच्या दुपारी दोन खिडक्यांमध्ये मी आकडे बदलले तेव्हा एकीकडं दहाचे आठ केले होते आणि दुसरीकडं दहाचे सात. सेव्ह झाल्यावर पान पुन्हा उघडून बघितलं. सात होते. आठ कुठंच नव्हते. दोन्हीकडून मिळून पाच गेले होते, तेव्हा पाच उरायला हवे होते, किंवा दुसऱ्याला थांबवायला हवं होतं. ओळीचं कुलूप लागतच नव्हतं. ते मी बघितलं. समजलं. आणि मनाशी म्हटलं की एकाच मिनिटाला एकाच औषधाला दोन गावांतून कोण हात लावणार आहे? सणाचा दिवस आहे. परवा बघू. मग 'ठीक' लिहिलं. तेव्हा चूक माझ्या लक्षात आली नाही असं म्हणायची सोयही मला नाही.

दोन वर्षांपूर्वी ती मला सौंसरच्या बसस्टँडवर भेटली. केस बरेच पांढरे झाले होते. मी चुकवून जाणार होतो, तिनंच हाक मारली.

"भाऊ! ओळख विसरले का? घरी सगळे बरे?"

"बरे हायेत. तुम्ही?"

"आपलं चालू हाये. येणं-जाणं, येणं-जाणं." बस लागत होती. ती पायरीपर्यंत गेली आणि परत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "एक विचारू? मी शून्य टाकलं होतं ना? इतकी वर्षं मी सांगत आली, टाकलं होतं. आता मलेच शंका येऊन राहिली. गर्दी होती, तो माणूस ओरडत होता. खरंच टाकलं होतं का मी? तुम्हाले तं मशिनीतलं समजते."

तो छापलेला कागद तेव्हाही माझ्या घरी कपाटात होता. मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या ना ताई. झालं ते झालं."

तिनं मान हलवली. बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली आणि बस हलेपर्यंत स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होती.

मी तिची नोकरी घालवली, गावातलं नाव घालवलं, हे मला आधीपासून माहीत होतं. तिची स्वतःच्या हातावरची खात्रीही मी घालवली हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी गोटमारीच्या दिवशी गच्चीवर जात नाही. ढोल ऐकू येतात. घरात बसून राहतो आणि फोन वाजला तर उचलायला उशीर करतो.

हे सगळं मी नावं न घेता लिहिलं. याचा अर्थ यातून तिला काही मिळणार नाही हे मला कळतं. बाहेरच्या कोणी वाचलं तरी ती ताई कोण, दवाखाना कोणता, ते त्याला समजणार नाही, आणि ज्यांना समजेल त्या सौंसरच्या टपरीवर हे पोचणार नाही; तिथं उद्याही तेच बोललं जाईल.

मी तिला देणं लागतो ते असं. तिच्या घरी जाऊन तो कागद तिच्या हातात द्यायचा आणि सांगायचं, हो ताई, तुम्ही शून्य टाकलं होतं, अकरा बावन्नला. मग तिला सोबत घेऊन त्याच सभागृहात, त्या तिघांपैकी जे हयात आहेत त्यांच्यासमोर, आणि त्या बाईच्या नवऱ्यासमोर सांगायचं की पत्रकावरची दुसरी सही माझी आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.